डोळ्याच्या ऑपरेशननंतर मुलाला उलट्या होतात तेव्हा : आदल्या रात्रीपासून दुसऱ्या सकाळपर्यंत काय करायचं

ऑपरेशन व्यवस्थित झालेलं असतं. मूल जागं होतं, थोडं रडतं, पुन्हा झोपतं. दुपारी डिस्चार्जचा कागद हातात पडतो. आणि गाडी दुसऱ्या वळणावर पोचते न पोचते तोच मागच्या सीटवरून तो आवाज येतो. आईच्या ओढणीवर, सीटवर, नव्या कोऱ्या फाईलवर सगळीकडे उलटी. अर्ध्या तासात फोन वाजतो : "डॉक्टर, एवढ्या जोरात उलटी झाली, आतले टाके तर तुटले नसतील?"

मी भूलतज्ज्ञ आहे, लहान मुलांना भूल देणं हे माझं रोजचं काम. तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर आधीच देऊन टाकते : दोनचार उलट्यांनी डोळ्याच्या स्नायूला घातलेले टाके सहसा तुटत नाहीत. सर्जनने ते तेवढे मजबूत घातलेले असतात. उलटीचा खरा त्रास वेगळा आहे. मूल सुकतं, म्हणजे अंगातलं पाणी कमी होतं, दुखण्याचं औषध पोटात टिकत नाही, घरचे घाबरतात आणि घाबरून नेमकं नको ते करतात. काय नको, हे पुढे येईलच.

डोळा दुखावला तर पोट का ढवळतं?

डोळ्याकडून मेंदूकडे वेदना आणि ताण कळवणारी नस मेंदूच्या देठात जिथे पोचते, तिथून जवळच व्हेगस नावाची नस निघते. ही व्हेगस हृदयालाही जाते आणि पोटालाही. १९०८ मध्ये आश्नर आणि डाग्निनी या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दाखवून दिलं की डोळ्यावर दाब दिला की नाडी मंदावते. ऑपरेशन थिएटरमध्ये हे आम्ही कानांनी ऐकतो. सर्जन बारीक हूक घालून डोळ्याचा स्नायू ओढतात आणि मॉनिटरची टिक-टिक अचानक लांबते. मी म्हणते, "जरा सोडा." स्नायू सैल होतो, काही सेकंदांत ठोके पूर्ववत. याच वाटेने पोटालाही निरोप जात असावा, असं मानलं जातं.

त्यात भुलीच्या वायूंची भर पडते. नायट्रस ऑक्साइड आणि वासाने दिली जाणारी भूल, दोन्ही मळमळ वाढवतात. मॉर्फीनच्या कुळातली वेदनाशामकं तर हमखास. शिवाय तिरळेपणा सरळ केल्यावर मुलाला काही काळ एकाच्या दोन वस्तू दिसू शकतात. डोळे एक सांगतात, कानातला तोल सांभाळणारा भाग दुसरंच सांगतो. घाटात गाडी लागते तेव्हा हेच घडतं, फक्त इथे गाडी उभी असते.

सगळ्या ऑपरेशनांत त्रास सारखा नसतो. तिरळेपणाचं ऑपरेशन यात सगळ्यात वरचं. डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) ऑपरेशनं लांबतात, त्यांतही उलट्या बऱ्याच. पापणीवरची गाठ काढणं हे छोटं काम, त्यात सहसा काही होत नाही. अश्रुनलिका उघडताना थोडं रक्त नाकामागून घशात उतरतं आणि मूल ते गिळतं. पोटाला रक्त सोसत नाही, मग एखादी तपकिरी रेषा असलेली उलटी होते. एवढी चालते. ताजं लाल रक्त येत राहिलं तर मात्र चालत नाही.

ऑपरेशनच्या आधी : चार प्रश्न

उलट्यांचा अंदाज घ्यायला एक साधी पद्धत आहे, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली. चार गोष्टी बघायच्या. मुलाचं वय ३ वर्षं किंवा जास्त आहे का? ऑपरेशन ३० मिनिटं किंवा जास्त चालणार का? ऑपरेशन तिरळेपणाचं आहे का? मुलाला स्वतःला, आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना भुलीनंतर उलट्या झाल्यात का? प्रत्येक 'हो'ला एक गुण.

प्रतिबंधक औषध दिलं नाही तर शून्य किंवा एक गुणाला उलटीची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास. दोन गुणांना ती ३० टक्क्यांवर जाते, तीनला ५५ आणि चारला ७०. आता बघा, शाळेत जाणाऱ्या मुलाच्या तिरळेपणाच्या ऑपरेशनात पहिले तीन गुण न मागता जमा होतात. चौथा तुमच्या घरात दडलेला असतो. म्हणून आजीला, मावशीला नाही, पण स्वतःला आणि एकमेकांना नक्की विचारा. कितीतरी वडील "मला कुठे काय झालं होतं" म्हणतात आणि त्यांची बायको बाजूने सांगते की अपेंडिक्सच्या वेळी रात्रभर बादली धरून बसले होते.

तीन वर्षांखालच्या बाळांना या उलट्या कमी होतात, ही एक दिलासा देणारी गोष्ट. पण झाल्या तर ती बाळं लवकर सुकतात, हे त्याच श्वासात सांगायला हवं.

भूलतज्ज्ञाशी बोलताना

पालक सर्जनला पंचवीस प्रश्न विचारतात आणि भूलतज्ज्ञाला एकही नाही. उलटीचा प्रश्न मात्र आमच्याकडचा आहे. एवढंच विचारा : "उलटी होऊ नये म्हणून आधीच काय देणार?"

उलटी सुरू झाल्यावर थांबवण्यापेक्षा आधी अडवणं फार सोपं असतं. जास्त शक्यता असलेल्या मुलाला सहसा दोन औषधं एकत्र देतात : ऑनडॅनसेट्रॉन आणि डेक्सामेथासोन. पहिलं मेंदूत आणि आतड्यात सेरोटोनिन या मळमळीचा निरोप नेणाऱ्या रसायनाचं एक कुलूप अडवून ठेवतं, दुसरं स्टेरॉइड आहे आणि एका डोसापुरतंच दिलं जातं. दोघांच्या वाटा वेगळ्या, म्हणून जोडी एकेकट्यापेक्षा चांगली चालते. मोठ्यांच्या आणि मुलांच्या उलट्यांबद्दलच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही जास्त जोखमीच्या मुलांसाठी हाच सल्ला आहे.

याखेरीज वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलवर भूल चालू ठेवता येते, त्याने उलट्या कमी होतात. पण त्याच पद्धतीत स्नायू ओढल्यावर नाडी मंदावण्याचा प्रकार जास्त दिसतो. म्हणजे एक हात घे, एक हात दे. मॉर्फीनसारखी औषधं टाळून पॅरासिटामॉल आणि डोळ्याभोवतीचं बधिरीकरण यांवर भागवता येतं. सलाईन हात आखडता न घेता दिलं तरी फरक पडतो. यातलं काय निवडायचं हे तुमच्या भूलतज्ज्ञावर सोडा, मूल त्यांच्यासमोर आहे. इंटरनेटवर वाचून "प्रोपोफॉलच द्या" असा आग्रह धरू नका, मलाही ते आवडत नाही.

तीन गोष्टी मात्र न विचारता सांगा : गाडी लागते का, घरात कुणाला हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात आजार किंवा कारण नसताना चक्कर येऊन पडण्याचा इतिहास आहे का (ऑनडॅनसेट्रॉन देताना हे माहीत हवं), आणि मुलाला मधुमेह आहे का.

उपाशी ठेवणं : कमीही नको, जास्तही नको

जुना आणि अजूनही चालणारा नियम असा : जेवण ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, पाणी किंवा आरपार दिसणारं पेय २ तास आधी. २०१८ पासून युरोपातल्या मुलांच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी पाण्यासाठी १ तासही पुरेसा आहे अशी भूमिका घेतली. तुमच्या रुग्णालयाने जे सांगितलं असेल तेच पाळा, पण शेवटच्या परवानगीच्या वेळेपर्यंत पाणी द्याच. रात्री नऊला जेवण आणि मग सकाळी अकरापर्यंत घोटभर पाणीही नाही, असं अनेक घरांत होतं. ते मूल थिएटरमध्ये आलं तरी चिडलेलं, सुकलेलं असतं, आणि अशा मुलाची शुद्धीवर येण्याची वाटही खडतर असते.

उलट प्रकारही होतो. मूल रडलं म्हणून कुणीतरी गुपचूप काहीतरी भरवतं. असं झालं तर लपवू नका. आम्ही रागावत नाही, ऑपरेशन थोडं पुढे ढकलतो. भुलीत पोटातलं फुप्फुसात गेलं तर काय होतं, ते आम्ही पाहिलेलं असतं.

रिकव्हरीत

लहान मूल "मला मळमळतंय" असं म्हणत नाही. चारपाच वर्षांचं मूल म्हणतं पोट दुखतंय, किंवा काहीच म्हणत नाही. बघायचं ते असं : चेहरा एकदम पांढरा पडतो, ओठांभोवती जास्त. बडबड थांबते. तोंडाला पाणी सुटतं आणि मूल ते सारखं गिळत राहतं. कपाळावर गार घाम. एकदोन जांभया. हे दिसलं की नर्सला हाक मारा, उलटी व्हायची वाट बघू नका. काही ठिकाणी चेहऱ्यांच्या चित्रांची पट्टी असते, मुलाने आपल्याला वाटतंय तसा चेहरा त्यात दाखवायचा. ती चांगली चालते.

मूल कुशीवर झोपू द्या. उठवून बसवायची, "बघ बघ, बाबा आले" म्हणून हलवायची गरज नाही. उलटी आली तर कुशीवरच डोकं किंचित खाली धरा. हात धरून ठेवा, कारण जागं होणारं मूल पहिल्यांदा डोळ्याकडेच हात नेतं. गुलाबी अश्रू दिसतील, ते अपेक्षित असतात.

आणि आता ती चूक, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. मूल डोळे उघडतं आणि घरचे लगेच चमचा पुढे करतात. सकाळपासून उपाशी आहे, घशाला कोरड पडली असेल, थोडं तरी पोटात जाऊ दे. माया समजते. पण पोट अजून जागं झालेलं नसतं. घरी सोडण्याआधी मुलांना पाजायलाच हवं असा नियम पूर्वी बऱ्याच ठिकाणी होता. तो तपासून पाहिला गेला तेव्हा सक्तीने पाजलेल्या मुलांना जास्त उलट्या झाल्या. शिरेतून पाणी गेलेलंच असतं, मूल काही तास सुकत नाही. मुलाने मागितलं तरच द्या, आणि मागितलं तरी घोटभर. भूक लागली असेल तर ते सांगेल, त्याबाबतीत मुलं मुळीच लाजत नाहीत.

मोबाईल हाही एक छुपा शत्रू आहे. शांत बसावं म्हणून कार्टून लावून देतात. ज्याला दोन-दोन प्रतिमा दिसताहेत त्याने हलत्या चित्राकडे टक लावणं म्हणजे घाटातल्या गाडीत पुस्तक वाचणं. गोष्ट सांगा, गाणं म्हणा, डोळे मिटू द्या.

घरी जाताना

तिरळेपणानंतरच्या बऱ्याच उलट्या रिकव्हरीत होत नाहीत, नंतर होतात, आणि गाडीतला धक्का हे नेहमीचं निमित्त. घाई नसेल तर मूल चांगलं जागं होऊन चार पावलं चालेपर्यंत थांबा. चालवणारा एक आणि मुलाजवळ बसणारा एक, असे दोघं हवेत. पट्टा लावूनच बसवा. आडवं झोपवायचं म्हणून पट्टा सोडू नका. डोक्याला आधार द्या, खिडकी थोडी उघडी ठेवा, गाडीत सुगंधी काही नको. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, एक ओला आणि एक कोरडा टॉवेल, आणि एक जादा कपड्यांचा जोड, हे सगळं डिकीत नव्हे, मांडीवर.

घरी उलटी झाली तर

पहिलं : घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. फोनवर आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि रात्री दोन वाजता "तीन झाल्या की चार" हे कुणालाच आठवत नाही.

उलटी होताना मूल पुढे वाकू द्या. तुमचा तळवा त्याच्या कपाळावर, बोटं डोळ्यापासून दूर. बरेच जण डोकं मागून दाबून धरतात आणि अंगठा नकळत पापणीवर येतो. झाल्यावर तोंड आणि हनुवटी वेगळ्या फडक्याने पुसा, त्याच फडक्याने डोळा पुसू नका. डोळ्यावरची ढाल बरबटली तर हात धुऊन बदला. डोळ्यातच काही गेलं असं वाटलं तर स्वतः धुवायला जाऊ नका, फोन करून विचारा.

मग अर्धा तास काहीही देऊ नका. अगदी काहीही नाही. मूल पाणी मागेल, तरी ओठ ओले करून थांबवा.

अर्ध्या तासाने एक छोटा चमचा, ५ मिली पाणी किंवा ओआरएस. पाच मिनिटांनी पुन्हा एक. घड्याळ लावून. हे फारच कमी वाटतं, पण हिशेब करा : तासाला ६० मिली होतात, आणि ते पोटात राहतात. एकदम अर्धा पेला दिला तर तो दहा मिनिटांत बाहेर येतो, सोबत होतं नव्हतं तेही घेऊन. तासभर टिकलं तर दोन चमचे, मग तीन. मध्येच उलटी झाली तर पुन्हा अर्धा तास थांबून पहिल्या चमच्यापासून. ओआरएसची पूड पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात कालवा. कमी पाण्यात दाट केलेलं ओआरएस अपाय करतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला अंगावरच पाजा, पण थोडं थोडं आणि वारंवार.

जेवणाची घाई नको. मुलाने मागितलं की काहीतरी कोरडं, साधं, तेल-मसाला नसलेलं. एक दिवस जेवलं नाही म्हणून काही बिघडत नाही. पाणी आणि लघवी यांवर नजर ठेवा.

औषधांचा गुंता

दुखणं हेही मळमळीचं कारण आहे, त्यामुळे "पोट ठीक नाही, राहू दे आज औषध" हा विचार उलटा पडतो. पॅरासिटामॉल सांगितल्या वेळी द्या. आयब्युप्रोफेन लिहून दिलं असेल तर ते पूर्ण रिकाम्या पोटी नको. औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा का, हे फोनवर विचारा. मनाने दुसरा डोस देऊ नका, कारण पहिल्यातलं किती पोटात राहिलं ते डोळ्यांना दिसत नाही. वजनानुसार लिहिलेलं मापच वापरा. ॲस्पिरिन मुलांना मुळीच नाही.

घरातलं मोठ्यांचं उलटीचं औषध मुलाला देऊ नका. प्रोमेथाझीन दोन वर्षांखालच्या मुलाचा श्वास मंदावू शकतं. मेटोक्लोप्रामाइडने मुलांची मान आणि जबडा वाकडा होऊन आखडतो, आणि ते बघून आईबापांना फिट आल्यासारखं वाटतं.

थेंबांची एक गंमत. डोळ्यात टाकलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून घशात उतरतो, म्हणून मूल तोंड वेडंवाकडं करून "कडू, कडू" म्हणतं. आधीच ढवळत असेल तर तेवढ्याने उलटी होते. खाल्ल्या-खाल्ल्या थेंब टाकू नका. सर्जनची परवानगी असेल तर थेंबानंतर एक-दोन मिनिटं नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने हलकेच दाबा. दाब नाकाच्या हाडावर, डोळ्यावर नाही.

मनगटावरच्या बिंदूबद्दल पालक विचारतात. तळहाताखालच्या सुरकुतीपासून कोपराच्या दिशेने, मुलाच्या स्वतःच्या तीन बोटांच्या अंतरावर, हाताला लागणाऱ्या दोन कंडरांच्या (स्नायूंच्या दोऱ्यांच्या) मधोमध. हलकं दाबून बघा. त्याने थोडाफार उपयोग होतो असं काही अभ्यासांत दिसलंय, अपाय काही नाही, आणि घाबरलेल्या आईच्या हाताला काम मिळतं.

कधी वाट बघायची नाही

बहुतेक मुलं २४ तासांत खडखडीत बरी होतात. पण एक उलटी अशी आहे की ती पोटाची नसून डोळ्याची असते, आणि तिथे फसगत होते. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याच्या ऑपरेशननंतर डोळ्यातला दाब एकदम वाढला तर मूल डोळा आणि डोकं धरून कळवळतं, उजेड नको म्हणतं आणि ओकतं. औषध देऊनही डोळा ठणकत असेल आणि सोबत उलट्या असतील, तर चमचा-चमचा पाणी देत बसू नका, लगेच डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. याच मुलांना दाब कमी करायच्या ॲसेटाझोलामाइडच्या गोळ्या असतात, त्यांनीही मळमळतं. त्यामुळे गोळीमुळे की दाबामुळे, हा निर्णय घरी करायचा नाही.

बाकीची कारणं : हिरवी उलटी, ताजं रक्त, २४ तासांनंतरही चालू राहिलेल्या उलट्या, चमच्यानेही पाणी न टिकणं, ८ तास लघवी न होणं (बाळात लंगोट ६ तास कोरडा), उठवूनही नीट न उठणारं मूल, ताप, दिसणं एकाएकी कमी होणं. तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर डोळा अचानक एका बाजूला जाऊन तिथेच अडकला, हलेनासा झाला, तरीही त्याच दिवशी दाखवा.

मूल सुकलंय का हे बघताना डोळे खोल गेलेत का, अश्रू येतात का, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. इथे ते कामाचं नाही. सुजलेला डोळा खोल जात नाही आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येतच राहतं. जीभ बघा, ओली आहे की चिकट. आणि लघवी मोजा.

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं

मूल पुन्हा बागडू लागलं की एका कागदावर लिहा : कोणतं ऑपरेशन, किती वेळ चाललं, उलटी प्रतिबंधक औषध कोणतं दिलं होतं (डिस्चार्जच्या कागदावर नसेल तर फोन करून विचारा), पहिली उलटी किती तासांनी, एकूण किती. तिरळेपणाचं ऑपरेशन कधी कधी पुन्हा करावं लागतं, आणि तेव्हा तो चौथा गुण हा कागदच सांगतो. धाकट्या भावंडाची फाईल असेल तर एक प्रत तिच्यातही घाला.